लाल दोऱ्याचं फळ

"हे आईचं झाड नाही," अक्का म्हणाल्या.

चैत्रातली सकाळ होती. नगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर ऊन अजून कठड्यापर्यंतच आलं होतं. अक्का, म्हणजे माझी मोठी नणंद, श्रीरामपूरहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या आणि पाण्याचा तांब्याही हातात न घेता थेट जिना चढून वर गेल्या होत्या. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे उल्हास, माझा नवरा. गंधेकाका आधीपासूनच वर बसले होते. ते माझ्या सासऱ्यांचे, तात्यांचे, जुने स्नेही. दोघांनाही निवडुंगांचं वेड. तात्या माघात गेले. आपल्या माघारी काही कुंड्या गंधेकाकांना द्यायच्या असं ते सांगून गेले होते, त्या न्यायला काका आले होते. अक्का मात्र काही न्यायला आलेल्या नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"कोणतं झाड?" मी विचारलं.

"मांडणीच्या मधोमध तोऱ्यात बसलंय ते. तूच तिथं बसवलंयस ना?"

कुंडीत डेऱ्यासारखा गोल, कंगोरे असलेला निवडुंग होता. त्याच्या अंगातून तीन लांब, लवदार नळ्या वर आल्या होत्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला तळहाताएवढं फूल. संध्याकाळी उमलायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकतं, असं ते फूल. पांढरं, पाकळ्यांच्या टोकांना किंचित गुलाबी.

घरात त्याला 'आईचं झाड' म्हणत. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्यावर मिरजेहून त्याचं पिल्लू पदरात बांधून आणलं होतं. त्या गेल्या तेव्हा उल्हास शाळेत होता. मी त्यांना फोटोतच पाहिलं. तात्या भूमापक होते, गावोगाव शेतं मोजत हिंडायचे. बायको गेल्यावर जिथं जातील तिथून ते एकेक निवडुंग आणू लागले. गच्ची भरली. पण आधी हे झाड, मग बाकीची. त्याला पिल्लं फार क्वचित यायची. एक आलं ते तात्यांनी अक्कांच्या लग्नात त्यांच्या ओटीत घातलं. दुसरं कुणालाच दिलं नाही.

अक्कांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यावर एक फूल होतं, पहाटे देठाजवळ कापून आणलेलं.

"हे माझ्या अंगणातलं. बघा काका, तुम्हाला तर कळतं."

गंधेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. डब्यातलं फूल गुलाबी होतं. फिकट, पण आतपर्यंत गुलाबी.

"रंगात फरक आहे खरा," काका म्हणाले.

"रंग उन्हावर असतो," मी म्हणाले. "खतावर असतो, मातीवर असतो. तुमच्या अंगणात सकाळचंच ऊन येतं, इथं दिवसभर. पाकळीचा रंग विरतो."

"विरतो," अक्का म्हणाल्या. "ऐकलंत? विरतो म्हणे! एमएस्सी झालेल्यांच्या घरी रंग विरतात. आमच्याकडे नाही विरत."

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. अक्का त्याला 'दुधात पाणी शोधायची नोकरी' म्हणत.

"अक्का, खाली चल ना," उल्हास म्हणाला. "आधी चहा तरी घे."

"तू गप रे उल्ह्या. मला हिच्याशी बोलायचंय." त्या माझ्याकडे वळल्या. "स्पष्ट सांगते. आईचं झाड तुझ्या हातून मेलं. आणि तू गुपचूप दुसरं आणून त्याच कुंडीत लावलंस. म्हाताऱ्याला मोतीबिंदू, दिसत नव्हतं, खपून गेलं. बापाला फसवलंस माझ्या."

गंधेकाकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि उगाच एका कुंडीतले खडे सारखे करू लागले.

"हे तुम्हाला तात्यांनी सांगितलं?"

"तात्या कशाला सांगतील? तात्या सुनेबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. पण शेवटची तीन वर्षं चैत्र लागला की माझ्याकडे येऊन राहायचे. भर उन्हात, एसटीनं, धड डोळे नसताना. घरात सुख असलेला माणूस असा बाहेर पडतो?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. कारण तोच काटा माझ्याही पायात होता. ऐन फुलांच्या दिवसांत, जेव्हा गच्चीवर खरी मजा असे, तात्या पिशवी भरून श्रीरामपूरला निघायचे. मी किती वेळा म्हणाले होते, आठ दिवस थांबा, आईंचं झाड उमलेल आता. ते म्हणायचे, "तू बघ, मला नंतर सांग." मला वाटायचं अक्का त्यांना बोलावून घेतात, माझ्याविरुद्ध कान भरतात.

तात्या माझ्यावर नाराज असतील हे पटत नव्हतं, कारण मला निवडुंग शिकवले ते त्यांनीच. मी नवी नवरी असताना एक दिवस त्यांनी माझ्यापुढे दोन कुंड्या ठेवल्या. "ह्यातला निवडुंग कोणता?" मी म्हटलं, दोन्ही. ते हसले. "एक त्रिधारी. सगळे त्याला निवडुंग म्हणतात, पण तो दुसऱ्या घरचा. काटा बघू नकोस, काटा कुठून उगवतो ते बघ. बोट लाव. खाली कापसाची गादी लागली तर तो आपला. गादी नाही आणि ओरखडल्यावर दूध आलं, तर तो परका, कितीही काटेरी असो." ते डोळे मिटून बोटांनी झाडं ओळखत. पुढे मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तेव्हाही कुंड्यांच्या रांगेतून बोट फिरवत नावं सांगत जायचे, आणि चुकायचे नाहीत.

"मी कुणालाही फसवलेलं नाही," मी म्हणाले. "आणि ते सिद्ध करून दाखवता येईल. आत्ता. तुम्ही स्वतःच सामान घेऊन आला आहात."

मी खाली गेले, माझी बारीक कुंचली आणली, शिवणाच्या डब्यातला लाल आणि पांढरा दोरा आणला. वर आले तेव्हा उल्हास कठड्याशी उभा होता.

"कशाला ग हे," तो म्हणाला.

"ही झाडं स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत," मी अक्कांना सांगितलं. "आणि पिल्लू म्हणजे वेगळं झाड नव्हे. तेच झाड, तोडून दुसरीकडे लावलेलं. तुमचं झाड ह्याचं पिल्लू असेल, तर तुमच्या फुलाचे पराग ह्याला लावून काही व्हायचं नाही. नळी सुकेल आणि गळून पडेल. झाडं वेगळी असतील तरच फळ धरेल."

"खरंय का काका?"

"खरंय," गंधेकाका म्हणाले. भांडणातून त्यांना वाट सापडली होती, ते खुलले. "माझ्याकडे एकाच आईची पिल्लं किती वर्षं शेजारी शेजारी फुलतायत. मधमाश्या दमल्या. एक बी नाही मिळालं."

अक्कांच्या डब्यातल्या फुलावरून मी कुंचली फिरवली. तिच्या केसांना पिवळी भुकटी लागली. ती आमच्या दोन फुलांच्या मधल्या चांदणीवर टेकवली आणि त्या दोन्ही नळ्यांना लाल दोरा बांधला. तिसऱ्या फुलाला त्याचेच पराग लावले, पांढरा दोरा बांधला.

"हे कशाला?"

"तुलनेला. हे फळ धरणार नाही हे नक्की आहे. लाल दोरेही ह्याच्यासारखेच गळले, तर झाड एकच."

"आणि धरलं फळ, तर?"

"तर हे आईंचं झाड नाही. मी स्वतः श्रीरामपूरला येऊन तुमच्या तोंडावर सांगेन. पण नाही धरलं, तर तुम्ही इथं याल आणि आत्ता बोललात ते ह्याच गच्चीवर, काकांच्या देखत मागे घ्याल."

"घेईन. नाक घासून घेईन. पण फळ धरलं आणि तू चिमटीनं खुडलंस, तर मला काय स्वप्न पडणार आहे?"

"काका रोज येऊन बघतील."

"रोज नको ग सूनबाई," काका घाईघाईनं म्हणाले, "गुडघे आहेत मला. रविवारी येत जाईन."

"मी सरबत करतो," उल्हास म्हणाला आणि जिना उतरून गेला.

अक्का सरबताला थांबल्या नाहीत. डबा रिकामा करून, फडकं पिळून, पुन्हा पिशवीत घालून निघाल्या. जिन्यात थांबून म्हणाल्या, "मुलीला सांभाळ. निदान ती तरी बदलू नकोस."

मुलगी खाली झोपली होती. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला इतका राग आला होता की हातातली कुंचली मी दातांत धरली होती, आणि परागाची कडसर चव तोंडात आली तेव्हा ते लक्षात आलं.

त्याच दुपारी फुलं मिटली. नळ्या मऊ पडल्या. आता फक्त वाट बघायची होती. मी रोज कामावर जाण्याआधी आणि आल्यावर वर जाऊन बघत असे. मला निकाल माहीत होता. मी अक्का येतील तो दिवस मनात रंगवत होते. त्या कुठं उभ्या राहतील, मी काय बोलेन. मी त्यांना बसायला सांगणार नव्हते.

आठवडाभरात एक लाल दोरा जमिनीवर पडलेला दिसला. नळी बुडाशी मोडली होती. सुकून गळालेली नव्हे, मोडलेली. जखम ओली होती.

"टॉवेल वाळत घालताना लागलं," उल्हास म्हणाला. "लक्षातच नाही आलं."

"टॉवेल दोरीवर घालतात. मांडणीवर नाही."

"लागलं म्हटलं ना. आणखी एक आहे की."

मी कुंडी उचलून आमच्या खोलीच्या खिडकीत आणून ठेवली. तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही. तो धांदरट आहे, एवढंच वाटलं.

पुढच्या दिवसांत पांढऱ्या दोऱ्याची नळी तपकिरी झाली, चुरमडली आणि एका सकाळी बोट लावताच हातात आली. बुडाशी कोरडी टिकली तेवढी राहिली. लाल दोऱ्याची नळीही वरून सुकली. पण बुडाशी ती हिरवी होती. दोरा सैल बांधला होता, तो घट्ट दिसू लागला. मी पहिल्यांदा तो दृष्टिभ्रम समजले. मग प्रयोगशाळेतून भिंग आणलं. लवेखाली बोराएवढी, टणक, हिरवी गाठ होती, आणि ती वाढत होती.

रविवारी गंधेकाका आले. खिडकीशी वाकले.

"सूनबाई! धरलं की!" ते आनंदानं म्हणाले. निवडुंगवाल्याचा आनंद, फळ दिसलं की होतो तो. मग त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"म्हणजे झाडं दोन आहेत," मी म्हणाले. "अक्कांचं बदललेलं आहे."

"तसंही असू शकतं," काका म्हणाले आणि चहा न घेता गेले.

माझ्या मनात दुसरा विचार खरोखरच आला नव्हता. मी झाडाची काळजी घेतली होती. म्हणून झाड खरं होतं. प्रयोगशाळेत कुणी असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी म्हणाले, "श्रीरामपूरला जाऊन येते. अक्कांचंच झाड खोटं आहे. लग्नात मिळालेलं मेलं असणार, लाजेखातर दुसरं आणलं असणार, आणि वर आपल्या घरी येऊन चोराच्या उलट्या बोंबा."

उल्हास भाकरी मोडत होता. "जाऊ नकोस."

"का?"

"कशाला वाढवायचं? फळ धरलं नाही म्हणून कळवू. काकांना मी समजावतो. तीही येणार नाही शब्द मागे घ्यायला, तिचा स्वभाव माहीत आहे. तिथंच मिटेल."

"फळ धरलंय."

"अग, तिला कुठं दिसतंय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो भाकरीचे तुकडे करत होता आणि एकही खात नव्हता. आणि मग मला ती ओली जखम आठवली.

"उल्हास," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून मी त्याला नावानं हाक मारली नव्हती. त्यानं मान वर केली. "टॉवेल लागला नव्हता."

मग जे बोलला ते ताटाकडे बघत बोलला.

मी बाळंतपणाला माहेरी गेले होते त्या वर्षीची गोष्ट. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा फुलांचे दिवस सरले होते. पुढच्या चैत्रात डोहाळजेवण झालं आणि मी माहेरी गेले. मुलगी झाली, परतले तेव्हा गणपती येऊन गेले होते. म्हणजे आईंच्या खऱ्या झाडाला फूल आलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. जाताना मी उल्हासला बजावलं होतं, झाडांकडे लक्ष असू द्या. त्यानं लक्ष दिलं. ऐन पावसाळ्यात, आडोशाला ठेवलेल्या त्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी घातलं.

"एक दिवस कुंडी सरकवायला गेलो तर वरचा गड्डाच हातात आला. खाली सगळं सडकं. वांग्यासारखं. मला रडू आलं ग. आईचं होतं ते."

"मग?"

"पुण्याला गेलो. रोपवाटिकेत अगदी तसंच मिळालं. तेवढंच. त्याच कुंडीत लावलं."

"तात्यांना सांगितलंत?"

"नाही. त्यांना दिसत नव्हतं." त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. "पण दोन दिवसांनी ते वर गेले. रांगेतून बोट फिरवत आले, त्या कुंडीशी थांबले. काट्यांवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मी जिन्यात उभा होतो. मग खाली आले आणि म्हणाले, पाऊस फार झाला या वर्षी. बस. पुढं कधी विषय काढला नाही."

"आणि अक्का मला काकांच्या समोर म्हातारा फसवणारी म्हणाल्या, तेव्हा तुम्ही सरबत करायला गेलात."

"तू त्या झाडाला एवढं जपत होतीस. मला वाटलं, आता तेच आपलं झालं."

"मी जपते ते काय आहे, हे मला सांगितलं नाहीत."

"हे बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, समजावणारा. "आता हे अक्काला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. तुझं ती तशीही बघत नाही. तुला काय फरक पडतो?"

तो हे दुष्टपणानं बोलला नाही. दुष्टपणानं बोलला असता तर मी भांडले असते. दोन बाजू तराजूत घालून, नीट बघून, त्यानं मला हलकी बाजू ठरवली होती. चार वर्षांपूर्वीच.

मी ताट उचललं. "फळ पिकलं की रजा टाका. श्रीरामपूरला जायचंय. कुंडी तुम्ही घ्यायची."

फळाला चीर पडायला लागली तेव्हा मुलीला शेजारच्यांकडे ठेवून आम्ही निघालो. एसटीत उल्हास कुंडी मांडीवर घेऊन बसला. खड्डा आला की काटे त्याच्या शर्टातून पोटाला लागत आणि तो श्वास रोखून धरी. मी खिडकीबाहेर बघत होते. राहुरीला त्यानं विचारलं, पाणी हवंय का. मी खिडकीची काच सरकवली.

अक्कांनी दार उघडलं. आधी मला बघितलं, मग उल्हासच्या हातातली कुंडी. "नाक घासायला मला बोलावणार होतीस ना? की निकाल दुसरा लागला?"

"दुसरा लागला. फळ धरलं."

त्या बाजूला झाल्या. आम्ही मागच्या अंगणात गेलो. त्यांचं झाड भिंतीलगत दगडावर ठेवलेलं होतं. आमच्याकडच्यापेक्षा मोठं, थोडं कललेलं. त्याच्यासमोर एक वेताची खुर्ची होती. अंगणाकडे, दाराकडे पाठ केलेली. खुर्चीत बसलं तर भिंतीशिवाय आणि त्या झाडाशिवाय काही दिसलं नसतं. हात पुढे केला तर बोट काट्यांना लागलं असतं.

"ही खुर्ची?" मी विचारलं.

"तात्यांची. हलवली नाही मी. बोल, काय बोलायला आलीस?"

"आमच्याकडचं झाड आईंचं नाही. तुम्ही म्हणालात ते खरं होतं."

अक्कांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "मारलंस ना? कबूल कर. तोंडानं म्हण."

मी उल्हासकडे बघितलं. प्रश्न माझा नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. तो कुंडी तशीच पोटाशी धरून उभा होता. दगडावर ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"पावसात कुजलं असेल," तो म्हणाला.

"असेल?" अक्का म्हणाल्या. "कधी?"

त्यानं कुंडी आणखी पोटाशी आवळली.

"कधी रे उल्ह्या?"

"ही बाळंतपणाला गेली होती तेव्हा."

अक्का पुऱ्या त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आणि गच्चीवर मी हिला बोलले, तेव्हा तू तिथंच होतास."

"अक्का, मी—"

"तात्यांना माहीत होतं?"

"बोटानं कळलं होतं त्यांना. बोलले नाहीत."

"ते कधी? त्याच पावसाळ्यात?"

"हो."

अक्कांनी खुर्चीकडे बघितलं. त्यांच्या मनात महिने, वर्षं जुळत गेली ती मला दिसली. पावसाळा. मग पुढचा चैत्र, तात्यांचा पहिला मुक्काम. मग त्याच्या पुढचा. त्या खुर्चीच्या पाठीला हात टेकवून उभ्या राहिल्या.

"मला वाटायचं माझ्याकडे येतात," त्या म्हणाल्या. "सुनेला कंटाळून लेकीकडे येतात. गावभर सांगितलं मी. सकाळी उठले की इथं येऊन बसायचे. मी म्हणायची, तात्या, आत पंख्याखाली बसा. म्हणायचे, इथं बरं आहे." त्यांनी झाडाकडे बघितलं. "शेवटच्या वर्षी पिल्लू आलं होतं ह्याला. मागितलं त्यांनी. म्हणाले, एक दे मला. मी नाही दिलं. म्हटलं, घरी आईचं झाड आहे की तुमच्याकडे, हे कशाला? मला वाटलं, हिनंच पाठवलंय मागायला."

"मी पाठवलं नव्हतं."

"माहीत आहे आता!" त्या एकदम माझ्यावर ओरडल्या. "कळलं मला! हे सांगायला आलीस? ते माझ्यासाठी येत नव्हते, हे सांगायला एवढी एसटी करून आलीस?"

"तुम्ही मला चार माणसांत बापाला फसवणारी म्हणालात. मी शब्द दिला होता."

"शब्द! दोरे बांधून, भिंग लावून माझ्या बापाचा हिशेब मांडलास तू."

मी खोटं काही बोलले नव्हते आणि माझ्यावरचा डाग पुसला गेला होता. जे मागायला आले होते ते सगळं मिळालं होतं. ते घेऊन अंगणात कुठं उभं राहावं ते मला कळेना.

अक्का उल्हासजवळ गेल्या. त्याच्या हातातल्या कुंडीवर वाकून त्यांनी लाल दोऱ्याचं फळ बघितलं. ते आता पिकत आलं होतं, एका बाजूनं उकललं होतं. त्यांनी ते नखानं काढलं, तळहातावर फोडलं. पांढरा गर, त्यात मोहरीहून बारीक काळ्या बिया.

"ह्यात आई किती?" त्यांनी मला विचारलं.

"अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"माहीत नाही. पुण्याच्या रोपवाटिकेतली."

त्यांनी मूठ मिटली. मग पदराचं टोक घेतलं, बिया त्यात घातल्या आणि गाठ मारली. डोळे कोरडे होते.

"चपला घाल," त्या उल्हासला म्हणाल्या. "आणि ही कुंडी घेऊन जा. माझ्या दारात ठेवू नकोस."

मीही वळले. त्यांनी मला थांबवलं नाही. शब्दही मागे घेतला नाही. पैजेप्रमाणे त्यांना तो घ्यावा लागणारच नव्हता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पुण्याचं ते झाड अजून आमच्या गच्चीवर आहे. त्याची काही चूक नव्हती. उल्हास त्याला पाणी घालत नाही. घरात आम्ही दोघं नीट बोलतो. मी त्याला 'अहो' म्हणत नाही.

अक्कांनी त्या बिया पेरल्या. हे मला गंधेकाकांकडून कळलं. पहिल्या फुलाला बरीच वर्षं लागली. तेव्हा आमच्याकडे फोन आला होता. सकाळी मी रिसीव्हर उचलला, तर पलीकडून ना हाक, ना खुशाली.

"आलंय," अक्का म्हणाल्या. "रंग मला ठरवता येत नाही. दुपारपर्यंत टिकेल. यायचं तर ये." मी हो म्हणायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "त्याला आणू नकोस."

आजही दर चैत्रात फोन येतो. तेवढाच असतो. मी एकटी जाते. खुर्ची तिथंच आहे. तीत आम्ही दोघीही बसत नाही.